घरचं वाक्य

‘डिड’ आलं की ‘वेंट’चं ‘गो’ का होतं, हे देविकाच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं.

“‘डिड’ ने बता दिया ना कि बात कल की है? बस, काफ़ी है,” हिमानीदीदी हसून म्हणाल्या. “फिर से बोलो. किताब का नहीं, अपने घर का वाक्य.”

“ही डिड नॉट... गो टू ऑफिस यस्टर्डे.”

“शाबाश.”

देविका मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीपायी लखनऊला, इंदिरा नगरात येऊन पडलेली. नवरा चंद्रहास शास्त्रज्ञ, पण घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. टीव्हीवर इंग्रजी बातम्या लावून बसायचा. काही विचारलंच तर, “तुला काय कळणार त्यातलं.” हे तिच्या फार जिव्हारी लागायचं. आपल्यालाही कळतं हे त्याला एकदा दाखवायचंच, म्हणून ती रोज दुपारी रिक्षाने निशातगंजला यायची.

हिमानीदीदी म्हणजे चंद्रहासचे साहेब डॉ. माथुर यांची बायको. शिकवायचे पैसे घेत नसत, वर चहाबरोबर मठरी. अख्ख्या लखनऊत देविकाला जिवाभावाचं माणूस हे एकच.

आणि बाई, शिकण्याचा गुणही आला. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर चंद्रहास चक्क बोलायला लागला. संध्याकाळी बातम्या बंद करून विचारायचा, “आज काय शिकलीस?” चुका सुधारायचा. हळूहळू ऑफिसातलंही सांगायला लागला. हाताखालच्या एका मुलाचं संशोधन स्वतःच्या नावावर छापलं, असा माथुरसाहेबांवर आळ आला होता. दिल्लीहून चौकशी समिती येणार होती.

“मग तुम्ही काय सांगणार?” तिने विचारलं.

“काम साहेबांचंच आहे म्हणून सांगणार. मी तिथेच होतो की.” पेरूची फोड त्याने तिच्यापुढे सरकवली. “हे इंग्रजीत म्हण बघू.”

“माय हसबंड विल सेज...”

“‘विल’नंतर ‘सेज’ नाही. नुसतं ‘से’. पुन्हा म्हण.”

वाक्य बिनचूक येईपर्यंत त्याने तिला सोडलं नाही. देविकाला भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज कुठे नवरा तिला माणसात धरत होता.

दुसऱ्या दिवशी तिने तेच वाक्य हिमानीदीदींना म्हणून दाखवलं. दीदींनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या दिवशी व्याकरण तसंच राहिलं.

माथुरसाहेबांच्या बाजूने बोलायला ऑफिसातले आणखी दोघे तयार होते. पण चंद्रहासची खात्री मिळालीच आहे, मग उगाच त्यांना कशाला गोवायचं, म्हणून साहेबांनी साक्षीदार म्हणून एकट्या चंद्रहासचंच नाव दिलं.

चौकशी संपल्यावर देविका मोठ्या उत्साहाने निशातगंजला गेली. हिमानीदीदींनी दार अर्धंच उघडलं.

“तुम्हारे पति ने कहा, काम उस लड़के का था. माथुर साहब को निकाल दिया.” त्यांचा आवाज चढला नाही. “और तुमने कितना अच्छा रटा था वो वाक्य, देविका.”

दार लागलं.

ती घरी आली तेव्हा चंद्रहास पेपर वाचत होता. समोर पेढ्यांचा पुडा होता. माथुरसाहेबांची खुर्ची त्याला मिळाली होती.

“काम साहेबांचंच आहे असं तुम्ही म्हणाला होतात,” तिला रडू आवरेना. “मी दीदींना तसंच सांगितलं. त्यांना वाटतंय मी मुद्दाम फसवलं.”

“तू कशाला फसवशील? तुला खरं वाटलं म्हणून तर त्यांनाही वाटलं,” चंद्रहास म्हणाला. त्याने उठून टीव्ही लावला. इंग्रजी बातम्या लागल्या होत्या. “आता शिकायला नाही गेलीस तरी चालेल.”