आबा, नाना आणि लोटन

“हा आबा, जवळजवळ रिकामा. हा नाना, पेंगतोय. आणि हा लोटन, गळ्यापर्यंत बुडालेला.” पडद्यावरच्या तीन पट्ट्यांवरून बोट फिरवताना हितेंद्रने हसू कसंबसं दाबलं. नावं सर्व्हरची होती, पण त्याच नावांचे तिघे सख्खे भाऊ समोर खुर्च्यांवर बसले होते.

धुळ्याच्या या जिनिंगवाल्यांनी सर्व्हर दसऱ्याला आणले. थोरल्या वहिनींनी, बेबाबाईंनी, त्यांना हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि घरातल्या भावांची नावं दिली. तिथवर ठीक होतं. पुढे ऑफिसातल्या लोकांनी कमाल केली. कापूस खरेदीचं काम आलं, टाक लोटनवर. पगाराचं आलं, टाक लोटनवर. थोरल्या मालकाच्या नावावर हमाली कोण लादणार? त्यामुळे ऐन हंगामात लोटन धापा टाकायचा, जिनच्या दारात कापसाच्या गाड्या खोळंबायच्या आणि शेजारी आबा एसीच्या गारव्यात मजेत असायचा. हितेंद्रने हा किस्सा जळगावात कितीतरी जणांना रंगवून सांगितला होता. थोरल्याने उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि धाकट्याने मरायचं, हे घरातलं शहाणपण या अडाण्यांनी यंत्रांनाही शिकवलं होतं.

आज मात्र तोंड सांभाळायला हवं होतं. केळीच्या शीतगृहासाठी या भावांचं जळगावला नवं ऑफिस निघत होतं आणि तिथला संगणक विभाग आबा ज्याच्या हाती देतील त्याचा. हितेंद्रला ती जागा हवीच होती. ठेकेदार कंपनीची नोकरी करत गावोगाव हिंडायचा त्याला वीट आला होता.

त्याच्या मागे मयुरी उभी होती. भडगावची, त्याच्यासारखीच इंजिनियर, पण त्याच्या हाताखाली. तिच्या दोन्ही खांद्यांवर बॅगा होत्या आणि हातात लॅपटॉप. हितेंद्रच्या हातात फोन होता.

“एकना बोजा दुसरावर टाका, तर काम बंद पडी का?” आबांनी विचारलं.

“अजिबात नाही. मयुरी, सांग.”

मयुरीने सांगितलं. सर्व्हरच्या पोटात प्रत्येक विभागाचं काम वेगळ्या आभासी यंत्रात चालतं. चालत्या गाडीवरचं पोतं शेजारच्या चालत्या गाडीवर सरकवावं, तसं ते न थांबवता हलवता येतं. आणि आजपासून कुणी हलवायचीही गरज नाही. भार कुठे जास्त झाला ते पाहून ते आपोआप हलेल.

“आनि एखादा सर्व्हर बंदच पडना तर?” नानांनी विचारलं.

“चांगला प्रश्न. मयुरी, सांग.”

तिने तेही सांगितलं. तेवढ्यात हितेंद्रने दोन मेसेजना उत्तरं दिली. ही माणसं नुसत्या माना हलवतात, डोक्यात काही शिरत नाही, असं त्याचं पक्कं मत होतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मयुरी होतीच.

“चला, कर सुरू,” तो म्हणाला.

मयुरीने बॅगा खाली ठेवल्या आणि कळ दाबली. पट्टे थरथरले. लोटनचा उतरू लागला, आबाचा चढू लागला. खाली वजनकाट्यावर पावत्या छापल्या जात होत्या, तो आवाज एकदाही थांबला नाही. थोड्या वेळात तिन्ही पट्टे एका उंचीला आले. धाकटे लोटनभाऊ पडद्याकडे पाहतच राहिले. 

आबांचा चेहरा मात्र पडला. “म्हंजे मन्हावर बी लोटनइतलंच काम?”

आता हितेंद्रला राहवलं नाही. “आबा, यंत्राला थोरला-धाकटा कळत नाही. कोण राबतंय आणि कोण नुसता बसून मिरवतोय, एवढंच त्याला दिसतं.”

नाना खुर्चीत चुळबुळले. घाव वर्मी बसला, म्हणून हितेंद्र मनातून खूश झाला. आपल्यावाचून यांचं चालणार नाही, याची त्याला खात्री होती. त्याने फोन पुन्हा वर केला.

 आबांनी लोटनभाऊंच्या पाठीवर हात ठेवला.

“खरं शे. घरमा बी तेच चालस. बठ्ठं काम लोटन ओढस, मी नुसता नावले.” ते मयुरीकडे वळले. “पोरी, कव्हयनी उभी शे. बस आठे.”

मयुरी बसली. आबांनी घसा साफ केला.

“साहेब, जळगावले आमले एक माणूस पाहिजे. जो काम ओढस, त्यालेच कामवर लेसूत. म्हनीसन इचारस, तुमना दोन्हीस्मा आबा कोन शे, आनि लोटन कोन?”

हितेंद्रचा अंगठा फोनवर फिरत होता. प्रश्न आला, एवढंच त्याच्या कानांनी टिपलं. मान वर न करता तो म्हणाला,

“मयुरी, सांग.”