सारखा वाटा

“खरं सांगा कस्तुराबाई, गोळ्या चुकवल्या ना?” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“गळ्याशप्पथ! एका दिसाचा खाडा न्हाई केला.”

दवाखान्याच्या खाटेवर तिची थोरली, नीला, पुन्हा बेशुद्ध पडली होती. आठ वर्षांची पोर. दोन महिन्यांपूर्वी दुखणं सुरू झालं. आधी मान वाकवेना, मग उजेड सोसेना, मग आकडी. क्षय मेंदूत गेला होता. रोजची इंजेक्शनं लागली आणि मेंदूची सूज उतरवायला या पांढऱ्या गोळ्या. शुद्धीवर येऊन पोरीनं काय केलं असेल, तर भाकरी मागितली. त्या गोळीची भूकच तशी. घरी गेली तोवर तोंड पुरीसारखं फुगलेलं. पिंपरीची अख्खी चाळ म्हणाली, पोरीनं बाळसं धरलं. कस्तुरानं रोज दृष्ट काढली.

“मनानं गोळी बंद करायची नाही, असं बजावलं होतं मी.”

“बंद कुठं केली बाई? रोज मोडून निम्मी देत हुते की.”

“निम्मी? का?”

कस्तुराला प्रश्नच कळेना. बहात्तरच्या दुष्काळात एका भाकरीचे दोन सारखे तुकडे करून तिनं दोन्ही लेकी जगवल्या होत्या. पुढं नवऱ्याला, जयसिंगला, चिंचवडच्या कारखान्यात काम लागलं, पण सवय गेली नाही. बिस्कीट असो की रिबीन, वाटा सारखा. लेकरांत दुजाभाव करणारी आई तिला वैरीणच वाटायची.

“धाकटी इंद्रायणी पार काडी झालीया. खोकती, जेवत न्हाई. म्हटलं, थोरलीच्या अंगी लागतंय, तर धाकटीनं काय पाप केलं? निम्मी हिला, निम्मी तिला.”

डॉक्टरीणबाई मटकन स्टुलावर बसल्या.

“अहो, तिलाही क्षयच असणार! आणि नुसती ही गोळी अंगाची प्रतिकारशक्ती दाबते, म्हणजे क्षयाला मोकळं रान. नीलाला निदान इंजेक्शनांचा आधार होता. तिला कशाचा?” त्या ताडकन उठल्या. “कुठंय ती?”

“घरी, शेजारच्या आक्काबाईपाशी. तिला काय झालंय? कालपास्नं मान वाकवीत न्हाई, उजेड नगं म्हनती... पन ती तर थोरलीची नक्कल...”

बोलता बोलताच कस्तुरा दाराकडं धावली.