बिस्किटाच्या डब्यातला सर्व्हर

फोटो उघडला आणि गुरुलिंगअप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

फोटो टीव्हीच्या पडद्यात पुरता मावत नव्हता; दिसत होता तो त्यांचाच चेहरा. डोक्याला फेटा, कपाळावर विभूती, खांद्याशी पदराचा हिरवा काठ. मुलाच्या, वीरेशच्या लग्नातला फोटो. तो असायला हरकत नव्हती. पण तो ‘भावपूर्ण’ नावाच्या फोल्डरमध्ये होता.

वीरेशचं घाटनांदूरला फ्लेक्सचं दुकान होतं. कामं तीनच: लग्न, वाढदिवस आणि श्रद्धांजली. ‘भावपूर्ण’मध्ये जिवंत माणूस अप्पांनी आजवर पाहिला नव्हता.

दुकानातला जुना मदरबोर्ड, बंद पडलेल्या लॅपटॉपचा पंखा आणि रविवारीच दुकानातून काढलेली हार्ड डिस्क, असा घरच्या सर्व्हरचा संसार अप्पांनी पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात मांडला होता. वीज झिरोच्या बल्बाहून थोडीच जास्त. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालणार आणि घरातली लग्नं, बारशी, भजनं टीव्हीवर दिसणार.

“दुकानाचं सगळं पुसून टाका, अप्पा,” डिस्क देताना वीरेश म्हणाला होता. “बघत बसू नका.”

अप्पांना छापील कागदसुद्धा न वाचता फेकवत नसे.

फोटो ह्या फोल्डरमध्ये टाकल्याची तारीख गेल्या गुरुवारची होती. बुधवारी अंबाजोगाईहून रिपोर्ट आले होते. खोकला अप्पांचा, बायको गंगासागर नुसती सोबतीला गेली होती. “आलेच हाय तर माझंबी रक्त घ्या,” म्हणून तिनंही तपासून घेतलं. वीरेशनं रिपोर्ट आणले आणि चपला काढता काढता सांगितलं, “दोघांचंबी नॉर्मल हाय.” वर पाहिलं नव्हतं त्यानं.

फोल्डरमध्ये आणखी एक फाइल होती, फ्लेक्सची. अप्पांनी ती उघडली. एवढी मोठी फाइल त्या अशक्त मशीनला पेलेना. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. डब्यातला पंखा घरघरू लागला.

त्यांनी फोन लावला.

“वीरेश, माझा रिपोर्ट कुठाय?”

“दुकानात. कावून?”

“बघावा म्हणलं.”

“तुमचं चांगलं हाय म्हणलं ना, अप्पा. डिस्क पुसली का?”

“पुसतोय,” अप्पा म्हणाले. खोकला आला तो त्यांनी दाबला.

गंगासागर उंबऱ्यात आली. “चहा तुमीच ठेवा आज. साखर वरच्या फळीवर, पत्ती तिच्या मागं. ध्यानात ठेवा.”

चार दिवस ती हेच करत होती. थकली असेल, असं अप्पांना वाटत होतं. आता वाटलं, आपल्या हातचा चहा तिला आठवणीला हवा असेल.

तीच पुढं बोलली. “चौकात विठ्ठलरावांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिला का? आधार कार्डावरचा फोटो टाकलाय. पाकीटमार दिसायलेत.” ती हसली. “चांगला फोटो माणसानं आधीच काढून ठेवावा.”

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. “तुला ठाव हाय सगळं.”

तिचं हसू मावळलं. “वीरेशनं सांगितलं?”

“न्हाई. फोटो दिसला.”

ती हळूच भिंतीला टेकून बसली. “तुमाला कळू द्यायचं नव्हतं. भ्या वाटतंय का?”

“लई,” अप्पा म्हणाले. “जाणाऱ्याचं काय, सुटतोय. मागं राहणाऱ्याचं अवघड.”

“मलाबी तेच वाटतंय.” तिनं पदरानं डोळे टिपले. “एक करा. बारशातलं माझं पाळण्याचं गाणं हाय ना, ते आधी घाला ह्यात. शिवांजलीला लागंल.”

नातीचं नाव ऐकून अप्पांनी मान हलवली. तिच्यासाठी हा डबा तरी मागं राहील. ही एकटी घरात कशी राहील, एवढंच डोक्यात घुमत होतं. दाराला कडी घालायचंसुद्धा तिच्या लक्षात राहत नाही.

डब्यातली घरघर थांबली. दोघांनी वर पाहिलं.

पडद्यावर निळं आभाळ उघडलं होतं. वर ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली तारखेची जागा मोकळी, आणि मधोमध हिरव्या काठाच्या लुगड्यात गंगासागर हसत होती; तिच्या खांद्याशी अप्पांच्या फेट्याचा लोंबता शेमला पुसायचा तेवढा राहून गेला होता.