उतारावरचे मुक्काम

"आजही तंबू उतारावरच? रात्रभर घसरत घसरत सकाळी मी नवऱ्याच्या पायाशी सापडते!" डॉक्टरीणबाई कुरकुरल्या. बाकीच्यांनी खुंट्या ठोकायला घेतल्या.

आमच्या मोटरसायकल सहलीत आठवडाभर असंच चाललं होतं. पहाटे धुक्यात सगळ्यांच्या जुन्या गाड्या आवाज न करता उतारावरून सुटायच्या, स्वप्नात आपण तरंगतो तशा. खाली गिअर पडला की एकेक इंजिन जागं व्हायचं. किक कुणीच मारायचं नाही, आणि आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं नावही काढायचं नाही.

शेवटचा मुक्काम सपाट माळावर पडला. सकाळी जो तो बुटाच्या नाड्या बांधत बसला. ह्यांनी किकवर पाय ठेवला, काढला आणि हँडल माझ्या हाती दिलं.

"उतार शोधणं पुरे आता. गुडघा गेलाय माझा. तू मार किक. चोरून गाडी शिकलीयेस ना!"