कोरडी भिंत

"बाबा, जरा एका जागी उभे राहा," लेक म्हणाली. "ते काय सांगतायत ते ऐकून तरी घ्या."

प्लंबरचं लक्ष नव्हतं. रिकाम्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तो सिंकखाली डोकं घालून बसला होता. नळ सोडला, बंद केला, पाइपाच्या जोडावरून बोट फिरवलं, पुन्हा नळ सोडला. मग उठून खिडकीकडे गेला. खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

कंपनीचा माणूस ओट्याला टेकून धीरानं उभा होता. लोकांना घर विकत घेण्याआधी ते तपासून द्यायचं, हा कंपनीचा धंदा. ठिकठिकाणी फ्रँचायझी दिलेल्या होत्या. प्लंबरनं आज एक घर तपासून बघायचं आणि पटलं तर संध्याकाळी सही करायची, असं ठरलं होतं.

"काका, काम तुम्हाला येतं, त्यात वाद नाही," तो म्हणाला. "पण नुसती स्वतःची पाटी लावून बसलात, तर पहिलं वर्ष कुत्रं विचारणार नाही. आमचं नाव लावलंत की गिऱ्हाईक आम्ही पाठवू. शर्ट आमचा, विमा आमचा. कुठल्या दिवशी कुठलं घर, तेही आम्ही सांगू."

"म्हणजे तुम्ही कुठल्या माळ्यावर चढलात, ते कोणाला तरी माहीत असेल," लेक म्हणाली. "शिडीवरून पडलात तर मला कधी कळणार? तुम्ही फोन तरी उचलता का?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"परवा घरातले सगळे नळ खोलून ठेवलेत. मी आंघोळीला गेले तर शॉवरच्या जागी भोक!"

"वॉशर बदलायचे होते."

"आई गेल्यापासून तेच वॉशर बदलताय, बाबा."

कंपनीच्या माणसानं खिडकीबाहेर बघितलं. प्लंबर टॉर्च घेऊन हॉलमध्ये निघाला.

"थांबा काका." त्यानं एक छोटं यंत्र प्लंबरच्या गळ्यात अडकवलं. "लिहायची कटकट नाही. दिसेल ते बोलत जायचं. बाकी सगळं हे करतं."

"हॉल," प्लंबर म्हणाला. काठीनं फरशी ठोकत तो बाल्कनीच्या दारापर्यंत गेला. "इथल्या टाइल पोकळ वाजतायत."

"नोंद झाली," यंत्र बाईच्या आवाजात म्हणालं.

तो दचकला. मग पुढं सरकला. "स्विचचा बोर्ड ढिला."

"नोंद झाली."

"छताला चीर. बारीक. नुसती प्लॅस्टरची."

"नोंद झाली."

आवाजाची सवय झाली तसा त्याचा वेग वाढला. त्याला मध्येच कोणी अडवत नव्हतं. लेक आणि कंपनीचा माणूस मागून जवळजवळ पळत होते. आतल्या खोलीच्या दारातूनच त्यानं भिंतीवर टॉर्च मारला. खालपासून छातीपर्यंत काळपट पट्टा होता.

"आतल्या खोलीच्या भिंतीला ओल. पलीकडे बाथरूम आहे, तिथून येतेय."

"नोंद झाली."

तो बाथरूमकडे वळलासुद्धा.

"हात लावलात का?" लेकीनं विचारलं.

प्लंबरचा पाय उंबऱ्यावरच थांबला.

ती भिंतीपाशी गेली. तळवा टेकवला, दुसरीकडे टेकवला, मग नखानं खरवडून बघितलं. "कोरडी ठणठणीत आहे. कपाट होतं इथं. त्याच्या पाठीचा डाग आहे हा."

प्लंबर परत आला. त्यानंही हात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"खोडता येतं की, काका," कंपनीचा माणूस म्हणाला. "एक बटण दाबायचं."

"हे वाचून एखाद्यानं घर सोडून दिलं असतं."

"होतं हो. माणूस आहे, चुकणारच. म्हणून तर पाठीशी कंपनी असावी. तक्रार आली तर आम्ही निस्तरतो."

"बघा," लेक म्हणाली. "तेच म्हणतेय मी."

प्लंबरनं गळ्यातलं यंत्र काढलं आणि तळहातावर धरून बघितलं. "साहेब, हा धंदा काढायचं आमचं दोघांचं चाललं होतं ना, तेव्हा पाव्हण्यांची घरं बघायचो आम्ही. सरावाला. मी बोलायचो आणि हिची आई लिहायची. लिहायची म्हणजे काय, आधी भांडायची. एका घराला अख्खा दिवस जायचा."

"मग तर आमच्या यंत्रानं तुमचा वेळच वाचेल."

"वाचेल ना."

त्यानं यंत्र कंपनीच्या माणसाच्या हातात ठेवलं. जपून ठेवलं, कोणाचा अपमान होऊ नये असं. मग टॉर्च उचलून तो बाथरूममध्ये शिरला.

कंपनीचा माणूस लेकीकडे वळला. "ताई, तुम्हीच समजवा. एकट्यानं हा धंदा होत नाही. मी खोटं सांगत नाहीये."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. तिनं पर्स खांद्यावर नीट केली आणि घड्याळात बघितलं. तिलाही कामावर जायचं होतं.

आतून नळ सोडल्याचा आवाज आला. मग बंद केल्याचा. मग भिंतीपलीकडून प्लंबरचा आवाज आला, "दाराची चौकट खालून फुगलीय."

"ऐकू आलं नाही," कंपनीच्या माणसाच्या हातातलं यंत्र म्हणालं. "पुन्हा सांगा."

लेकीनं पर्स ओट्यावर नेऊन ठेवली. बाह्या वर सारत ती बाथरूमकडे निघाली.

"कुठं फुगलीय? सरका बघू, मला बघू द्या आधी."