बापाचं नाव

कीर्तनात साथीला बसलेल्याचा मान बापाचं आणि गावाचं नाव घेतल्याशिवाय पुरा होत नाही, असं नाथाजीबुवांचं मत. म्हणून रहिमतपूरच्या सप्ताहात त्यांनी अफगाणिस्तानातून जीव मुठीत धरून आलेल्या, मिरजेत सतारी दुरुस्त करून पोट भरणाऱ्या फरहादची ओळखही तशीच करून दिली. त्याच्या बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं मायेनं विचारून पाठ केलेलं. मग फरहादचा रबाब, त्याच्या मुलखातलं तंतुवाद्य, असा काही रंगला, की टाळकरी टाळ विसरले. कुणीतरी ओळखीपासून सगळं मोबाइलवर टिपलं होतं; दोन दिवसांत तो व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला आणि कडेगावापासून शिरवळपर्यंत सगळीकडून बोलावणी आली.

बुवा पेढे घेऊन थेट मिरजेला पोचले. "बापाचं नाव काढलंस गड्या. आता तरी हास की रं."

फरहाद सकाळपासून घरी फोन लावत होता. पलीकडं कुणी उचलत नव्हतं.

"बुवा, आमच्याकडं वाजवणं गुन्हा हाय," तो हळूच म्हणाला.



"बाबांनी गावात शपथेवर सांगितलंय, माझ्या पोरानं रबाब कवाच जाळला."