दादांच्या खिडकीखाली

"आधी कान लाव. पान्याला हात नंतर."

तिचे यजमान मेकॅनिक. हाताखालच्या पोरांना ते हे इतक्यांदा सांगत, की आत पोळ्या लाटता लाटता तिलाही ते पाठ झालं होतं. आता तो आवाज फक्त तिच्या कानात उरला होता. झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. खुर्चीच्या हातावर डावी मूठ एकदा आपटली की हो, दोनदा आपटली की नाही, एवढंच त्यांचं बोलणं.

अंगणात जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती. इंजिन चालू होतं. तिने वाकून कान लावला. तीन ठोके नीट पडत होते, चौथ्याला ठेच लागत होती. सगळी गाडी त्या ठेचेसरशी थरथरत होती.

"लंगडतेय," ती म्हणाली.

मूठ एकदा आपटली.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. ती थोरल्या भावाच्या, दादांच्या, उशाशी बसून होती. "वहिनी, निघालात का गं? दादा सारखा विचारतोय. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस काढला तर काढला."

"गाडी मिसफायर मारतेय, ताई."

"मग भाड्याची करा ना! त्या खटाऱ्यावर तुमचा जेवढा जीव आहे ना, त्याच्या निम्मा जरी आमच्या ह्यांचा माझ्यावर असता..." ती मधेच थांबली. मग हळूच म्हणाली, "या लवकर."

गाडी मूळची दादांची. धाकट्या भावाला त्यांनी हिच्यावरच काम शिकवलं आणि त्याचा हात बसल्यावर किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मागच्या भेटीत दादा उशीवरून म्हणाले होते, "जायच्या आधी एकदा हिचा आवाज ऐकव रे. खिडकीखाली आणून उभी कर." यजमानांचे ओठ नुसतेच हलले. तेव्हा तीच म्हणाली होती, "आणू, दादा."

"तीन पायांवर पोचेल तशी," ती म्हणाली. "पण दादा पडल्या पडल्या ओळखतील."

मूठ जोरात आपटली, एकदा.

तिने रबरी हातमोजे चढवले. ही त्यांचीच रीत होती. इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून उपसायच्या, लगेच परत बसवायच्या. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर ते सिलिंडर धडधाकट. काहीच फरक पडला नाही, तर दुखणं तिथे.

पहिली काढली. गाडी कण्हली. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली.

काहीच झालं नाही.

तिने वळून पाहिलं. त्यांनी डोळे आधीच मिटले होते.

"प्लग गेला का? नवा आणू?"

दोनदा. मग डावं बोट हळूहळू उठलं आणि वायर निघालेल्या खळग्याकडे रोखलं गेलं. तिने इंजिन बंद केलं, टॉर्चचा उजेड आत टाकला. प्लग ज्या खोल खळग्यात बसतो, त्यात तळाशी पाणी चमकत होतं.

"पाणी? इथे पाणी कुठून..."

तिचा हात तिथेच थांबला.

काल सकाळी तिने गाडी धुतली होती. दादांकडे जायचं, तर मळक्या अंगाने कशी न्यायची? बाहेरून झाली, मग बॉनेट उघडून आतूनही. लेकराला न्हाऊ घालावं तसे तांब्यावर तांबे ओतले होते. मधेच खिडकीच्या चौकटीवर मूठ आपटायला लागली. एकदा नाही, दोनदा नाही, सारखी. "आले हो, आले," म्हणत ती आत गेली होती आणि चहा ठेवला होता. ते त्या कपाकडे बराच वेळ बघत राहिले होते.

"काल तुम्ही चहा मागत नव्हता," ती म्हणाली.

एकदा.

"मग प्यायलात कशाला?"

ओठाचा डावा कोपरा तेवढा जरासा हलला.

तिने मान खाली घातली आणि कामाला लागली. काडीला चिंधी गुंडाळून खळग्यातलं पाणी टिपलं. उरलेलं सायकलच्या पंपाने फुंकून काढलं. प्लग काढून पुसला, पुन्हा आवळला. वायरीच्या टोकाची रबरी टोपी उलटीपालटी करून कोरडी केली आणि दाबून बसवली. नंतर बाकीचे तीन खळगेही पुसले. कोणी सांगितलं नव्हतं.

किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, अडखळलं. आणखी एक ठेच लागली, मग लागली नाही.

ती बॉनेट लावणार, तोच मूठ दोनदा आपटली. ती थांबली. पुन्हा वाकून कान लावला. बराच वेळ तशीच राहिली.

"चारी ठोके सारखे आहेत," ती म्हणाली.

एकदा.

फोन तिनेच लावला. पलीकडे नणंदेचा आवाज बसला होता. "डोळे मिटून आहे गं. आता बोलत नाही. पण मी हात धरला की धरतो."

"ऐकू येतं ना त्यांना?"

"देव जाणे."

"खिडकी उघडी ठेवा, ताई. आम्ही निघतोय."

यजमानांना तिने खांद्याचा आधार देऊन पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. ती गाडी शिकली ती त्यांच्या आजारपणातच, दवाखान्यापुरती. गावाबाहेरच्या रस्त्याला अजून कधी लागली नव्हती. तिने देवाचं नाव घेतलं. मग त्यांचा निपचित उजवा हात मांडीवरून उचलला, गिअरच्या मुठीवर ठेवला, त्यावर आपला तळवा ठेवला आणि पहिला गिअर टाकला.